गाईडच्या बाई रिटायर होऊन राह्यल्या, मानपत्रात काय लिहू?

वावरातली_मास्तरीण :

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमच्या शाळेच्या गाईड कॅप्टन बाई, म्हणजे स्काऊट-गाईडमधलं मुलींचं गाईड चालवतात त्या, या ३१ तारखेला रिटायर होऊन राह्यल्या अन् मानपत्र लिहायचं काम हेडसरांनी माझ्या गळ्यात टाकलं, कारण काय तर मी मराठीची. गाव दारव्ह्याच्या इकडचं, यवतमाळ जिल्हा, शाळा दहावीपर्यंत. मी ह्याच शाळेत शिकली अन् चार वर्षांपासून इथंच शिकवते, म्हणजे बाईंना पाहते त्याला आता वीसच्या वर वर्षं झाली, तरी लिहायला बसली तर दोन ओळींच्या पुढं पेनच चालेना.

कपाटात जुनी तीन मानपत्रं सापडली. तिन्हीत तेच, ज्ञानदानाचे पवित्र कार्य, चंदनासारखे झिजून, वगैरे. त्यातलं एक तर अशा सरांचं आहे की ज्यांनी आमच्या वर्गात खडू क्वचितच हातात घेतला असेल. बाईंसाठी तेच वाक्य लिहायला मन घेत नाही. शेवटी बाईंनाच विचारलं तर हसल्या, म्हणे "लिही नं, पोट्ट्या गोळा केल्या अन् आपापल्या घरी सोडून दिल्या."

मी स्वतः गाईडमध्ये सातवीचे पाच-सहा महिनेच होती. निळा ड्रेस शिवला, स्कार्फ आला, दीक्षा झाली, अन् कॅम्पला जायची वेळ आली तसं बाबांनी नाही म्हटलं, मग मी पण परत गेलीच नाही. त्यामुळं मला आठवते ती शिट्टी, शनिवारची नखांची तपासणी अन् रीफ नॉटची गाठ, उजव्यावर डावं, डाव्यावर उजवं. बस.

तर हे गाईड म्हणजे नेमकं काय, एखादी बाई नोकरीभर त्याच्यामागं का लागते, अन् मानपत्रात असं काय लिहावं की जे दुसऱ्या कोणाच्या मानपत्रात चालणार नाही? कोणी गाईडमध्ये होतं का इथं?

लालपरीची_खिडकी :

मी होती नं! तुमच्या बाई त्या नसतील, आमचं गाव वणीच्या साईडचं, पण या सगळ्या बाया एकाच मातीच्या असतात असं वाटते मले.

ताई तुम्ही शिट्टी अन् नखं लिहून राह्यल्या पण खरं काम तर शाळा सुटल्यावर चालू होते. आमच्या बाईंचं खरं काम म्हणजे परवानगी काढणं. गाठी कोणीही शिकवते, कॅम्पला मुलगी रात्रभर घराबाहेर राहीन याच्यावर बापाची सही आणणं, अन् बापाच्या आधी आजीची, ते सोपं नाही बाप्पा. मी आठवीत असताना आमचा कॅम्प तालुक्याला होता, चारच दिवस, तरी घरी असं वातावरण की जशी मी सासरीच चालली. माय म्हणे नाही, बाबा म्हणे मायले विचार. मंग एका रविवारी बाई सरळ आमच्या वावरात आल्या. वेचणी चालू होती. आल्या, चप्पल धुऱ्यावर ठेवली, पदराची ओटी बांधली अन् मायच्या बाजूच्या तासात वेचायला लागल्या. बोललंच नाही काही कॅम्पचं. दुपार झाली, न्याहारीत भाकर-चटणी खाल्ली, परत वेचलं, अन् चारच्या टायमाला ओटी गंजीवर रिकामी करताना म्हणे "मंग, धाडता का पोरीले?" मायनं काय म्हणावं, "बाई, कापूस काही तुम्हाले धड वेचता येत नाही, निम्मा कचरा आणला, पण पोट्टीले सांभाळसान." झालं. माय अजून सांगते ही गोष्ट अन् कचऱ्याचा भाग जास्तच मोठा करून सांगते.

कॅम्प शाळेच्याच खोल्यांमध्ये होता. बाई रात्री खोलीच्या दाराला आडव्या झोपायच्या, उशाला टॉर्च अन् काठी, म्हणजे बाहेरचा आत यायचा असो का आतली बाहेर जायची असो, बाईंना ओलांडूनच जावं लागे. अन् एक सांगते, इथं लिहायला काही लाज नाही, मी नर्स आहे, माझी पाळी पहिल्यांदा त्याच कॅम्पमध्ये आली. मले वाटलं मी मरतेच आता. बाईंच्या पिशवीत सगळं तयार होतं, साबण, कापड, सेफ्टी पिना, एक जास्तीची सलवार. नंतर कळलं, दर कॅम्पला कोणीतरी एक असतेच म्हणून ती पिशवी वेगळीच भरलेली राहे. त्यांचं ब्रीदवाक्य आहे नं "तयार", ते मले त्या दिवशी समजलं.

निवृत्त_गाईडर :

मी अमरावती जिल्ह्यात बरीच वर्षं गाईड कॅप्टन होते, आता घरी. मास्तरीणबाई, तुम्ही विचारलं गाईड म्हणजे काय, तर थोडं मागून सांगते, कंटाळा आला तर खाली सरका.

बेडन पॉवेल या इंग्रज फौजी साहेबांनी १९०७ मध्ये इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर २० मुलांचा कॅम्प घेतला, तिथून स्काऊटिंग धरतात. ते पोरांसाठीच होतं. १९०९ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा भरला, तिथं काही मुली टोप्या घालून बिनबोलावता येऊन उभ्या राहिल्या अन् म्हणाल्या आम्ही पण स्काऊट. मला हा प्रसंग भारी आवडतो, मी दरवर्षी नव्या पोरींना हाच पहिले सांगायची, की बायांनो आपली संघटना कोणी आपल्याला दिलेली नाही, मागून घेतलेली आहे. १९१० मध्ये गर्ल गाईड्स वेगळी झाली अन् साहेबांच्या बहिणीनं, अ‍ॅग्नेस बेडन पॉवेलनं, ती सांभाळली. पुढं त्यांच्या बायकोनं, ओलेव्ह यांनी. नवरा-बायको दोघांचाही वाढदिवस २२ फेब्रुवारी, म्हणून तो दिवस जगभर गाईड लोक चिंतन दिन म्हणून पाळतात.

भारतात गाईडची पहिली कंपनी, म्हणजे मुलींची तुकडी, १९११ मध्ये जबलपूरला निघाली. लोकांना वाटते हे सगळं मुंबई-पुण्याचं, पण तेव्हा जबलपूर अन् आपलं नागपूर एकाच मध्यप्रांतात होतं, म्हणजे आपल्याच अंगणात म्हणा. सुरवातीला गोऱ्या अन् अँग्लो-इंडियन मुलींपुरतंच होतं, आपल्या पोरींना पाच-सहा वर्षांनी घेऊ लागले. मग स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स झालं अन् १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड त्याच्यात आल्या. पुण्याला मुली अन् बायांसाठी गाईडचं जागतिक केंद्र आहे, संगम नावाचं, १९६६ मध्ये त्याचं उद्घाटन करायला ओलेव्ह बाई स्वतः आल्या होत्या. जगात अशी केंद्रं बोटावर मोजण्याएवढी, त्यातलं एक आपल्या महाराष्ट्रात अन् आपल्याच शाळांमधल्या मास्तरांना माहीत नसते.

आता काम. दहाच्या आतल्या मुली त्या बुलबुल, त्यापुढच्या गाईड. सहा-आठ मुलींचा एक संघ, त्याची एक संघनायिका, असे तीन-चार संघ मिळून कंपनी. स्काऊटच्या टोळ्यांना प्राण्यापक्ष्यांची नावं असतात, गाईडच्या संघांना फुलांची. पुस्तकात गुलाब, कमळ, मोगरा. माझ्या शाळेत एका वर्षी पोरींनी पळस मागितलं अन् एका संघानं पऱ्हाटीचं फूल, ते पहिल्या दिवशी पिवळं अन् दुसऱ्या दिवशी गुलाबी होते म्हणून. मी दिलं. वरून कोणी विचारलं असतं तर भांडली असती. मग प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार, त्यावर राष्ट्रपती पुरस्कार, अशी चढण. अन् कॅप्टनचं स्वतःचं शिक्षण वेगळंच, बेसिक कोर्स, अ‍ॅडव्हान्स, मग हिमालयन वुड बॅज, तो झाला की गळ्यात दोरीला दोन लाकडी मणी. मी ते घालून गावात आली तर शेजारची बुढी म्हणे "हे कोणत्या महाराजाचे व?"

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. बिनभांड्यांचा स्वयंपाक म्हणून एक प्रकार असतो, कढई-तवा काही न वापरता रांधायचं. कॅम्पमध्ये सगळे संघ चिखलात बटाटे थापून बसले होते, पुस्तकात तसंच चित्र आहे नं. आमच्या पोरींनी गोवऱ्यांचा जगरा पेटवला, कणकीचे गोळे पळसाच्या पानात गुंडाळले अन् पानगे लावले. तपासणारे सर बाहेरचे होते, म्हणे हे कोणी शिकवलं? पोरी म्हणे, सर हे आमच्या घरी दरवर्षी करतात. पूर्ण मार्क, अन् सरांनी तीन पानगे तुपासोबत संपवले ते वेगळं. मी वीस वर्ष काय शिकवत होती असं मलाच वाटलं, यांच्या आजीला अर्ध्या सोपानाचं आधीच येत होतं.

पुसदचा_भाऊ :

माफ करा पण कोणीतरी दुसरी बाजू पण लिहावी. आमच्या वेळी तर सगळं कागदावरच होतं. स्काऊट-गाईड म्हणजे दहावीला सवलतीचे मार्क भेटतात अन् पुढं रेल्वेत कोटा आहे, याच्यासाठी नाव टाकायचं. लॉगबुक, म्हणजे कामाची नोंदवही, एकानं लिहायची अन् बाकी तिसांनी उतरवायची, कॅम्पचे फोटो एकाच दिवशी तीन शर्ट बदलून काढलेले. १५ ऑगस्टला स्कार्फ बांधून पाहुण्याले सलामी दिली की झालं वर्षाचं काम. शाळेचं नाव घेत नाही, सगळीकडं हेच होतं. मानपत्रात हे पण लिहान का?

निवृत्त_गाईडर :

भाऊ, खोटं नाही बोलून राहिले तुम्ही. अशी लॉगबुकं मी पण तपासली आहेत, एकाच अक्षरातली, एकाच शाईची. कोट्यासाठी येणारे पण भरपूर. पण मला सांगा, एखाद्या पोरीला रेल्वेत नोकरी लागते म्हणून बापानं तिला कॅम्पला धाडलं तर धाडलं नं? मी तर त्या कोट्याचा परवानगी काढायला बिनधास्त वापर करायची. चारित्र्य घडते, शिस्त लागते, असलं बापाला सांगून काही होत नाही, तो मान डोलवते अन् नाहीच म्हणते. रेल्वे म्हटलं की खाट टाकून बसवते, चहा पण येते.

फरक ओळखायचा असेल तर एक करा. कॅप्टन बाईंना नाही, तिच्या संघनायिकेला विचारा की मागच्या महिन्यात मानसभेत काय ठरलं. मानसभा म्हणजे संघनायिका बसून कंपनीचे निर्णय घेतात ती. कागदावरच्या कंपनीत पोरीला हा शब्दच माहीत नसते. जिथं खरं चालते तिथं तेरा वर्षांची पोट्टी तुम्हाला सांगीन की बाईचं म्हणणं आम्ही हाणून पाडलं. माझं दोनदा पाडलं, एकदा ड्रेसवरून अन् एकदा कॅम्पच्या मेनूवरून.

शिट्टीवाल्या_घरातली :

मी वाचत होते नुसती, पण आता लिहिते. माझी आई गाईड कॅप्टन होती, वर्धा जिल्ह्यात, दोन वर्षांपूर्वी गेली. तुम्ही सगळे जे सांगता ते खरं असेल पण घरून हे कसं दिसते ते पण ऐका.

कॅम्प कधी असतात? सुट्ट्यांमध्ये. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत आई नाही, उन्हाळ्यात आई पचमढीला. तिथं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, १९५६ पासूनचं, नागपूरहून इटारसी, तिथून पिपरिया, मग घाटानं वर, हा रस्ता मला न जाता पाठ आहे कारण आमच्या घरी तेच बोलणं. मी अन् भाऊ आजीकडं. आमच्या घरी जेवायला शिट्टी वाजायची, खरोखरची, एक लांब म्हणजे लक्ष द्या, छोट्या-छोट्या वाजल्या की गोळा व्हा. बाबा पण यायचे बिचारे. दुसऱ्यांच्या पोरींची नखं तिला दिसत होती, माझा चष्म्याचा नंबर वाढला तो बाईंनी वर्गात सांगितला तेव्हा तिला कळला. पगारात याचा एक रुपया जास्त नव्हता, उलट स्कार्फ नाही घेऊ शकत अशा दोन-तीन पोरींचे स्कार्फ दरवर्षी आमच्या किराण्यातून जायचे. मला तिचा खूप राग होता, आता लिहिताना पण थोडा आहे.

तेरवीच्या दिवशी चाळीस-पंचेचाळीस बाया आल्या, मी ओळखत नाही अशा. कोणी हिंगणघाटहून, कोणी आर्वीहून, एक तर लेकराला कडेवर घेऊन तीन एसट्या बदलून आलेली. मला वाटलं रडतील, भाषण करतील. त्या आल्या, इकडं तिकडं पाहिलं, अन् एकीनं विचारलं पाणी कोण भरते, पत्रावळी कुठं आहेत. पंधरा मिनिटांत सात-आठ जणींचे गट पडले, कोणाला काही सांगावं नाही लागलं, एक गट वाढायला, एक भांड्यावर, एक म्हाताऱ्या माणसांना बसवायला. जाताना अंगण झाडून गेल्या. एकीनं माझ्यापुढं डावा हात केला, गाईडवाले डाव्या हातानं हात मिळवतात नं, अन् मी पण यांत्रिकपणे डावाच दिला. त्या वेळेला मी रडली.

मास्तरीण ताई, मानपत्रात तुमच्या बाईंच्या घरच्यांचं नाव घ्या. नवऱ्याचं, लेकरांचं, सासूचं. कोणी घेत नाही.

लालपरीची_खिडकी :

😢 हे वाचून काही लिहावं असं राह्यलंच नाही. एकच जोडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली तेव्हाचं आहे. माझी एक मैत्रीण आहे, माझ्याच कंपनीतली, ती तिकडं दिली. तिनं तिच्या मोहल्ल्यातल्या आठ-दहा पोरी घेतल्या अन् घरोघरी जाऊन सांगतलं, तोंडाले फडकं बांधा, वाऱ्याच्या दिशेनंच फवारा, उलट नको, हात न धुता तंबाखू मळू नका, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यात धुऊ नका, चक्कर आली तर झोपून न राहता सरळ दवाखान्यात अन् डब्बा सोबत न्या म्हणजे डॉक्टरले औषध कोणतं ते समजते. तिले कोणी सांगतलं नव्हतं. मी फोनवर विचारलं तुले काय पडलं होतं, तर म्हणे "काय माहीत, संघनायिका होती नं मी."

वावरातली_मास्तरीण :

सगळ्यांना किती धन्यवाद देऊ. दोन दिवस झाले हेच वाचून राह्यली. शिट्टीवाल्या ताई, तुमचं वाचून बाईंच्या घरी गेली. सरांना, म्हणजे बाईंच्या मिस्टरांना विचारलं, तुम्ही कंटाळले नाही का? ते म्हणे पहिली दहा वर्षं कंटाळलो, मग भाकरी शिकलो.

अजून एक झालं. लालपरी ताईंनी परवानगीचं लिहिलं तेव्हापासून डोक्यात चालू होतं, म्हणून काल रात्री जेवताना बाबांना विचारलं की मी सातवीत असताना बाई घरी आल्या होत्या का. बाबा म्हणे दोनदा आल्या होत्या. मी नाही म्हटलं, तुही आजी बिमार होती अन् तू मोठी, घरी कोण पाहीन. मी म्हटलं मग आल्याच नाहीत नं परत. बाबांनी वरणात भात कालवला, मग म्हणे "आल्या नं. तुह्या डी.एड.च्या वेळी. अमरावतीले होस्टेलवर धाडायचं का नाई, मी नाईच म्हनत होतो. दोन घंटे बसल्या होत्या ओसरीत. मले म्हने मागच्या वेळी मी चार दिवस मागतले होते, तुम्ही नाई म्हटलं, आता दोन वर्ष मागतो." मला हे माहीतच नव्हतं. मी त्या वेळी मामाकडं होती. अन् बाईंनी आजपर्यंत, चार वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसून, एकदा पण नाही सांगितलं.

मानपत्र लिहून झालं. किती मुली, किती कॅम्प, राज्य पुरस्कार किती ते शाळेच्या रजिस्टरमधून घेतलं, सरांचं अन् दोन्ही लेकरांचं नाव टाकलं, अन् मधात लिहिलं की बाई या गावातल्या बहुतेक घरांच्या ओसरीत बसल्या आहेत अन् ज्या घरून नाही ऐकलं तिथं परत गेल्या आहेत. ज्ञानदान नाही, चंदन नाही. हेडसर म्हणे मॅडम हे फार छोटं झालं, अर्ध पान रिकामं दिसते. मी म्हटलं सर, फ्रेम छोटी आणू.

कोणाला दारव्हा नाहीतर यवतमाळमध्ये चांगला फ्रेमवाला माहीत असेल तर सांगा, शनिवारपर्यंत पाहिजे.